बिळं दुप्पट, खेकडे तेवढेच: ऐरोलीच्या खाडीकाठी घनता मोजण्याचं एक प्रकरण

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, ऐरोलीच्या बाजूला, वस्तीतून येणारा एक नाला तिवरांच्या पट्ट्यातून वाट काढत चिखलपट्टीवर उतरतो. एका महाविद्यालयाच्या पर्यावरणशास्त्र विभागातल्या गटाला विचारायचं आहे की या नाल्याच्या तोंडाशी फिडलर खेकडे कमी झालेत का. नराचा एक नांगा शरीराच्या मानाने प्रचंड मोठा असणारे हे छोटे खेकडे. पाणी ओसरलं की ते बिळाबाहेर येतात, चिखलातलं शेवाळ आणि सेंद्रिय कण गाळून खातात, आणि उरलेल्या मातीच्या बारीक गोळ्या बिळाभोवती सोडतात. त्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा खेळते. त्यामुळे त्यांची संख्या कळली की त्या चिखलाच्या तब्येतीबद्दलही बरंच कळतं.

प्रश्न सोपा वाटतो आणि नेमका म्हणूनच चुकीच्या पद्धतीने सोडवला जातो. इथे दिलेले मोजणीचे आकडे पद्धत आणि हिशेब समजावा म्हणून मांडले आहेत. कुठल्या ठरावीक नाल्याचा तो अहवाल नाही. पण असं चित्र कुठल्याही खाडीकाठी उभं राहू शकतं. त्यात कुठे फसायला होतं ते दाखवणं हा या लेखाचा हेतू आहे.

पहिला आराखडा आणि तो का बाद झाला

गटाचा पहिला बेत असा: नाल्याच्या तोंडाशी १० चौकटी (आतली बिळं मोजण्यासाठी चिखलावर ठेवायचे ठरावीक मापाचे चौकोन) टाकायच्या, अर्धा किलोमीटर दूर स्वच्छ दिसणाऱ्या जागी आणखी १०, दोन्हीकडे बिळं मोजायची आणि सरासरींची तुलना करायची. एका सकाळचं काम.

यात तीन दोष आहेत. बीळ म्हणजे खेकडा असं गृहीत धरलंय, हा पहिला. दुसरा असा की दोन जागांमध्ये नाल्याखेरीज आणखी काय काय वेगळं आहे हे कुणी पाहिलेलं नाही: उंची, सावली, मातीचा पोत, पाणी ओसरण्याची वेळ. तिसरा दोष सर्वांत जास्त वेळा होतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. एकाच नाल्याच्या तोंडाशी शेजारीशेजारी टाकलेल्या १० चौकटी म्हणजे १० स्वतंत्र पुरावे नव्हेत. परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ साली याला आभासी पुनरावृत्ती म्हणून नाव दिलं, आणि चाळीस वर्षांनंतरही विद्यार्थी-प्रकल्पांत ती सर्रास दिसते. १० चौकटींऐवजी १०० टाकल्या तरी त्या एकाच जागेबद्दल जास्त नेमकं सांगतात, ‘नाल्यांचा परिणाम’ असं काही सांगत नाहीत.

तिसऱ्या दोषावर पूर्ण इलाज एकच: अनेक नाले आणि अनेक बिननाल्याच्या जागा. चार-पाच जणांच्या गटाला एका हिवाळ्यात ते झेपत नाही. म्हणून मधला मार्ग असा की प्रश्नच लहान करायचा: ‘या नाल्याच्या तोंडाशी आणि या संदर्भ-जागेशी (तुलनेसाठी घेतलेल्या जागेशी) घनता वेगळी आहे का?’ कारणाचा दावा सोडून द्यायचा. त्यातल्या त्यात चांगला आराखडा म्हणजे अंतराचा उतार पाहणं. तोंडापासून ५०, १००, २००, ४०० मीटर अशा जागा घेतल्या आणि घनता अंतरानुसार सलग बदलत गेली, तर नाल्यावरचा संशय बळावतो. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. भरतीला नाल्याचं पाणी ठाण्याच्या दिशेने उत्तरेकडे ढकललं जातं आणि ओहोटीला वाशीच्या दिशेने खाली येतं. खाडीला नदीसारखी एकच ‘खालची बाजू’ नसते. त्यामुळे नाल्याच्या फक्त एका अंगाला घेतलेली संदर्भ-जागा खरोखर स्वच्छ आहे असं समजू नये. दोन्ही अंगांना पाहावं.

परवानगी आधी

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली अधिसूचित झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तिवरांचे बरेचसे पट्टे वनखात्याच्या अखत्यारीत येतात. नेमकी जागा कुठल्या हद्दीत पडते ते नकाशावर पाहून लेखी परवानगी घ्यावी. अर्जात किती चौरस मीटर चिखल खोदणार, किती जीव जपून ठेवणार आणि किती परत सोडणार हे आकड्यांत लिहावं. आकडा लिहायला लागलं की गरजेपेक्षा जास्त खोदण्याचा मोह आपोआप आवरतो. हिवाळ्यात चिखलपट्टीवर रोहित (फ्लेमिंगो) आणि किनारी पाणपक्षी चरत असतात. ते मान वर करून थांबले, तर त्या दिशेने पुढे जायचं नाही. उडाले तर त्या दिवसाचं काम थांबवायचं.

भरती-ओहोटीचं गणित

या अभ्यासात सर्वांत जास्त गोंधळ घड्याळ करतं. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातला. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. याचा अर्थ असा की उधाणाच्या ऐन दिवशी मोठी ओहोटी मिळते खरी, पण अंधुक उजेडात. तृतीया-चतुर्थीला मात्र ओहोटी आठ-साडेनऊच्या दरम्यान येते, पाणी अजून चांगलं खाली जातं आणि ऊनही चढलेलं नसतं. मोजणीला हेच दिवस घ्यावेत.

अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, ओहोटी उन्हात येते आणि वरच्या पट्ट्यापर्यंत पाणी अनेक दिवस पोचतच नाही. तिथला चिखल वाळतो, खेकडे आत बसून राहतात. एक जागा उधाणात आणि दुसरी भांगात मोजली, तर दिसणारा फरक चंद्राचा असेल, नाल्याचा नाही. दोन्ही जागा एकाच तिथीला, दोन तुकड्यांनी, एकाच वेळी मोजाव्यात. मोजणाऱ्या तुकड्या पुढच्या खेपेला अदलाबदल कराव्यात, नाहीतर ‘प्रियाच्या तुकडीला जास्त बिळं दिसतात’ हा फरक जागेच्या नावावर जमा होतो.

भरती-ओहोटीचा छापील तक्ता मुंबईच्या अपोलो बंदराचा असतो. खाडीत आत पाणी त्यानंतर पोचतं, आणि हा उशीर जागेगणिक बदलतो. अंदाज करू नये. दहा-दहा सेंटीमीटरवर खुणा केलेला बांबू ओहोटीच्या रेषेजवळ रोवावा, दर १० मिनिटांनी पाण्याची पातळी लिहावी, पाणी सर्वांत खाली कधी होतं ते एका दिवसात कळतं. तेवढा उशीर मग प्रत्येक दिवसाच्या तक्त्यात मिळवायचा.

वेळेइतकीच उंची महत्त्वाची. नाल्याच्या तोंडाशी गाळाचा पंखा साचतो आणि तो शेजारच्या पट्टीपेक्षा उंच किंवा सखल असू शकतो. वीस-तीस सेंटीमीटरचा फरकही पाण्याखाली राहण्याचा काळ बदलतो आणि त्याबरोबर खेकड्यांच्या जातीही. सर्वेक्षकाचं यंत्र नसलं तरी दोन उपाय हाताशी आहेत. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल पाइप वीस-पंचवीस मीटरच्या टप्प्यांत पुढे नेत उंची जुळवता येते. पाइपात हवेचा बुडबुडा राहिला तर वाचन फसतं, म्हणून आधी पाइप नीट भरून घ्यावी. दूरच्या जागांसाठी काठ्यांवर पोस्टर रंगाचा पट्टा ओढून त्या ओहोटीला रोवाव्यात. एकाच भरतीनंतर प्रत्येक काठीवर रंग कुठपर्यंत धुतला गेला ते मोजलं की भरतीच्या रेषेपासून चिखल किती खाली आहे ते मिळतं. लाटा नसलेल्या आतल्या खाडीत हे चांगलं चालतं. लाँचची ये-जा असेल तिथे रेषा फासली जाते.

चौकट आणि रेषा

प्रत्येक जागी तिवरांच्या कडेपासून पाण्याच्या दिशेने सहा रेषा आखायच्या. दोन रेषांत किमान १५ मीटर अंतर. प्रत्येक रेषेवर उंचीचे चार पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात एक चौकट, म्हणजे जागेमागे २४ चौकटी. पट्ट्यातली नेमकी जागा यादृच्छिक (चिठ्ठी काढल्यासारख्या) आकड्याने ठरवायची आणि तो आकडा घरीच काढून आणायचा. चिखलात उभं राहून ‘इथे टाकूया’ म्हटलं की हात नकळत बिळं दिसतात तिकडे जातो.

२४ हा आकडा कुठून आला? आधी एका दिवसाची चाचणी-मोजणी घ्यावी लागते. समजा नाल्याशी सरासरी १२ बिळं आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ६ आलं, आणि सरासरी २० टक्क्यांच्या आत, म्हणजे २.४ बिळांच्या आत हवी आहे. विचलनाची दुप्पट १२, भागिले २.४ म्हणजे ५, त्याचा वर्ग २५. संदर्भ-जागेशी सरासरी २४ आणि विचलन ११ धरलं तर हाच हिशेब २१ देतो. सहा रेषा गुणिले चार पट्टे म्हणजे २४, व्यवहारात बसणारा आकडा. नाल्याशी विचरण, म्हणजे विचलनाचा वर्ग, ३६ आणि सरासरी १२, गुणोत्तर ३. खेकडे यादृच्छिक पसरले असते तर ते १ च्या जवळ आलं असतं. खेकडे झुबक्यांनी राहतात, त्यामुळे मोजके मोठे चौकोन टाकण्यापेक्षा जास्त लहान चौकोन टाकणं फायद्याचं.

विश्लेषणात रेषा हा एकक धरावा. एका रेषेवरच्या चार चौकटी एकमेकींच्या शेजारी असतात. त्यांना २४ स्वतंत्र निरीक्षणं म्हटलं तर त्रुटी खऱ्यापेक्षा लहान दिसते.

चौकट ५० × ५० सेंटीमीटरची, म्हणजे पाव चौरस मीटर. सगळीकडे पीव्हीसी पाइपची बंद चौकट वापरतात आणि तिवरांच्या श्वसनमुळांत ती अडकते. मग ती मुळांच्या टोकांवर दहा सेंटीमीटर वर तरंगते, आणि तिरप्या नजरेने पाहिलं की कडेची बिळं आत किंवा बाहेर जातात. उपाय सोपा आहे. तीन बाजूंची चौकट करावी, चौथी बाजू दोरीची. मुळांमधून सरकवून खाली बसवायची आणि मग दोरी ताणायची. कडेवरच्या बिळांचा नियम आधीच लिहून ठेवावा: डावी आणि वरची कड आत, उजवी आणि खालची बाहेर. चौकट पुन्हा सापडावी म्हणून बांबूच्या खुंट्या ठोकाव्यात. मोबाइलचं जीपीएस झाडांखाली कित्येक मीटर इकडेतिकडे होतं, पन्नास सेंटीमीटरची जागा त्याने परत मिळत नाही.

बिळं मोजताना व्यासाचे गट करावेत: ५ मिलिमीटरपेक्षा कमी, ५ ते १०, १० ते २०, आणि २० च्या वर. पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर या आकारांची भोकं पाडली की चिखलात व्हर्नियर घेऊन बसावं लागत नाही. ३ मिलिमीटरपेक्षा लहान भोकं मोजायची नाहीत, ती बहुधा किड्यांची असतात. निवटीच्या (चिखलावर उड्या मारणाऱ्या माशाच्या) बिळाचं तोंड रुंद असतं आणि भोवती बहुधा ओली, खरवडलेली जागा दिसते; ती वेगळ्या रकान्यात. प्रत्येक बिळाशी ताज्या गोळ्या आहेत की नाहीत हेही लिहावं. चौकट उघडी पडल्यापासून किती मिनिटांनी मोजली ते लिहिणं अनिवार्य. नियम असा ठेवता येतो: पाणी सरल्यानंतर दीड ते अडीच तासांच्या आत. पाणी वरच्या पट्ट्यातून आधी सरतं, म्हणून तिवरांच्या कडेपासून सुरुवात करून पाण्यामागोमाग खाली उतरायचं.

फॉर्मवर शून्य आणि रिकामी जागा यांत फरक हवा. ‘०’ म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. रेघ म्हणजे पाहिलंच नाही. हा नियम मोडला तर पुढचा कुठलाही हिशेब दुरुस्त होत नाही. फॉर्म प्लास्टिकच्या पाटीवर, पेन्सिलीने लिहिलेला. शाई पहिल्याच चिखलाच्या थेंबाला जाते.

काम सुरू करण्याआधी दोघांनी एकमेकांना न सांगता तीच सहा चौकटी मोजाव्यात. दोघांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर ‘बीळ कशाला म्हणायचं’ यावर आधी एकमत करावं. एकमेकांत गुंतलेल्या दोन तोंडांवर हमखास वाद होतो.

खणून पाहणं

आता मूळ प्रश्न: बिळामागे किती खेकडे? रिकामी बिळं असतात, एका बिळाला दोन तोंडं असतात, आणि काही बिळांत दुसऱ्याच कुळाचे खेकडे बसलेले असतात. पाणी येण्याआधी फिडलर खेकडा आतून चिखलाची गुठळी लावून तोंड बंद करतो. अशी बंद बिळं मोजणीतून निसटतात. म्हणून प्रत्येक जागी २४ पैकी सहा चौकटी, प्रत्येक रेषेवरची एक, यादृच्छिक निवडून खणायच्या. याला दुहेरी नमुना म्हणतात: स्वस्त मोजणी सगळीकडे, महाग मोजणी थोडक्यांत, आणि दोन्हींचं गुणोत्तर.

खणण्याआधी चौकटीच्या चारी कडांना पत्र्याचे तुकडे ३० सेंटीमीटर खोल दाबून बसवावेत, नाहीतर खेकडे कडेने शेजारी निसटतात. मग कुदळ न वापरता फावड्याने १० सेंटीमीटरचे थर काढायचे, हाताने चाचपायचे, आणि २ मिलिमीटरच्या जाळीतून खाडीच्याच पाण्याने धुवायचे. ४० सेंटीमीटरवर थांबायचं. काही खेकडे त्याहून खाली असतात, त्यांची नोंद ‘तळाशी उघडी बिळं’ म्हणून करायची. सापडलेले खेकडे ओल्या कापडाने झाकलेल्या बादलीत, सावलीत. लिंग आणि कवचाची रुंदी मोजून त्याच जागी सोडायचे. जात पक्की करण्यासाठी लागतील तेवढेच जपायचे. खड्डा काढलेल्याच मातीने, त्याच क्रमाने भरायचा.

हातमोजे अनिवार्य. नाल्याचं पाणी सांडपाणी आहे आणि चिखलात काचेचे तुकडे असतात. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. घोट्याला घट्ट बांधलेले कॅनव्हासचे बूट चालतात. सैल गमबूट चिखल ओढून घेतो. प्लायवुडच्या दोन फळ्या, प्रत्येकी साधारण १२० × ३० सेंटीमीटर, आळीपाळीने पुढे टाकत चालावं. पाणी फिरण्याच्या तासभर आधी सामान बांधायला घ्यायचं. सपाट चिखलपट्टीवर भरती मागून वळसा घालते.

नुसतं बघून आणि रंगवून

बिळाबाहेर दिसणारे खेकडे मोजणं आकर्षक वाटतं, कारण खणावं लागत नाही. चार-पाच मीटरवर फळीवर बसून, १५ मिनिटं हलायचं नाही, मग दुर्बिणीतून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजायचं. मोठ्या नांग्याचे नर हात हलवत असतात म्हणून दिसतात. माद्या आणि पिल्लं निसटतात. ढग आले, घार गेली, की सगळे आत. दोन जागांमध्ये सावलीचा फरक असेल तर ही मोजणी तुलनेला फारशी उपयोगी नाही.

खुणा करून पुन्हा पकडण्याची पद्धतही सुचवली जाते. पहिल्या दिवशी ६० खेकड्यांच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका, चार दिवसांनी ५० पकडले आणि त्यांत १० ठिपक्याचे निघाले, तर ठिपकेवाल्यांच्या प्रमाणावरून एकूण संख्या काढणाऱ्या चॅपमनच्या सूत्राने ६१ गुणिले ५१ भागिले ११, वजा १, म्हणजे २८२. पण खेकडा कात टाकतो तेव्हा ठिपका कवचाबरोबर जातो. त्या १० पैकी तीन ठिपके असे गेले असते तर ७ सापडले असते आणि उत्तर ३८८ आलं असतं. तीन ठिपक्यांच्या फरकाने शंभराहून जास्त खेकडे हवेतून तयार होतात. शिवाय ज्या तुकड्यात रंगवले त्याच्या कडा उघड्या आहेत. खेकडे आत-बाहेर जातात आणि ‘बंद समूह’ ही अट मोडते. या प्रकरणात ती पद्धत सोडून दिली, आणि ते बरोबर झालं.

हिशेब

२४ चौकटींत सरासरी बिळं: नाल्याशी १२, संदर्भाशी २४. इथेच थांबलं तर निष्कर्ष तयार: ‘नाल्याने खेकडे निम्म्यावर आणले.’ फरक १२ बिळांचा, त्याची प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता) अडीचच्या आसपास. कुठल्याही चाचणीत हा फरक ठसठशीत ठरेल.

आता खणलेल्या सहा चौकटी पाहू. नाल्याशी बिळं १०, १४, ८, १५, ११, १४. खेकडे ९, १२, ६, १३, १०, ११. एकूण ७२ बिळांत ६१ खेकडे, गुणोत्तर ०.८५. संदर्भाशी बिळं २२, ३१, १८, २७, २४, २२. खेकडे ९, १७, ११, १२, १५, ८. एकूण १४४ बिळांत ७२ खेकडे, गुणोत्तर ०.५०.

म्हणजे चौकटीमागे खेकडे: नाल्याशी १२ गुणिले ०.८५, म्हणजे १०.२; संदर्भाशी २४ गुणिले ०.५०, म्हणजे १२. चौरस मीटरला साधारण ४१ आणि ४८. निम्म्याचा फरक पंधरा टक्क्यांवर आला. सरासरीची आणि गुणोत्तराची त्रुटी एकत्र घेतली तर चौकटीमागचा फरक १.८ आणि त्याची प्रमाण त्रुटीही अदमासे १.८५. पंच्याण्णव टक्के मर्यादा उणे १.८ पासून अधिक ५.५ पर्यंत. शून्य आत आहे, म्हणजे खरा फरक नसूही शकतो. आणि हे चौकटी स्वतंत्र धरून. रेषा हा एकक धरला की मर्यादा आणखी रुंदावते.

गुणोत्तर दोन्हीकडे वेगळं का आलं याचं उत्तर चिखलात आहे. नाल्याच्या तोंडाशी गाळ मऊ आणि ताजा. खेकडा सोडून गेला की बीळ एक-दोन भरत्यांत ढासळतं. संदर्भ-जागी तिवरांच्या मुळांनी बांधलेली घट्ट चिकणमाती, तिथे रिकामं बीळ दिवसेंदिवस उघडं राहतं. बिळांची संख्या खेकड्यांइतकीच मातीची घट्टता मोजत होती. दोन्ही जागांचं मिळून एकच गुणोत्तर वापरलं असतं, १३३ भागिले २१६, म्हणजे ०.६२, तर दुप्पट फरक जसाच्या तसा टिकला असता आणि खणण्याची मेहनत वाया गेली असती. गुणोत्तर जागेगणिक वेगळं काढायलाच हवं. ताज्या गोळ्या असलेलीच बिळं मोजली तर हा दोष बराच कमी होतो, पण सकाळच्या पहिल्या तासात गोळ्या पडलेल्याच नसतात, म्हणून वेळेचा नियम पुन्हा तितकाच कडक.

जाती पाहिल्यावर

घनतेत फरक सिद्ध झाला नाही म्हणून नाल्याचा काही संबंध नाही असंही नाही. खणून मिळालेल्या खेकड्यांची जातवार विभागणी अशी: नाल्याशी ६१ पैकी एकाच जातीचे ५२, बाकी ५, २, २. संदर्भाशी ७२ पैकी ३०, २४, १४, २, १, १.

नाल्याशी ४ जाती, संदर्भाशी ६. पण संदर्भाशी खेकडेही जास्त सापडले, आणि जास्त जीव तपासले की जाती वाढतातच. म्हणून ७२ मधून यादृच्छिक ६१ घेतले तर सरासरी किती जाती मिळतील ते काढून मग तुलना करावी. एकट्यादुकट्या सापडलेल्या जातींवरून न सापडलेल्यांचा अंदाज करणारं चाओंचं सूत्रही लावता येतं: संदर्भाशी एकदाच सापडलेल्या २ जाती, दोनदा सापडलेली १, ६ अधिक ४ भागिले २, म्हणजे ८. त्याचं लहान नमुन्यासाठी सुधारलेलं रूप ६.५ देतं. दोन रूपांत इतका फरक म्हणजे नमुना अपुरा, एवढंच यातून घ्यावं.

जास्त भरवशाचं माप म्हणजे सिम्पसनच्या निर्देशांकाचा व्यस्त, ज्याला परिणामकारक जातिसंख्या म्हणतात. प्रत्येक जातीचा वाटा वर्ग करून बेरीज आणि तिचा व्यस्त. नाल्याशी १.३६, संदर्भाशी ३.०९. दुर्मीळ जाती सापडल्या-न सापडल्याने हे माप फारसं हलत नाही. समूह एका सोशिक जातीकडे झुकलाय, हे इथे खरं दिसतं. विविधतेचं दुसरं प्रचलित माप, शॅनन निर्देशांक, एकटा छापू नये. निराळे समूह तोच आकडा देऊ शकतात. जातवार तक्ता सोबत असलाच पाहिजे.

जुन्या याद्यांशी तुलना करताना नावं जपून पाहावीत. फिडलर खेकडे आधी सगळे ऊका या एका प्रजातीत (जातीच्या वरचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) मोडत. २०१६ च्या फेरमांडणीनंतर ती अनेक प्रजातींत विभागली गेली. ऊका ॲन्युलिपेस आणि ऑस्ट्रुका ॲन्युलिपेस हा एकच खेकडा आहे. दोन याद्या न तपासता जोडल्या तर जातींची संख्या कागदावर वाढते. पिल्लांची जात डोळ्यांनी ओळखण्याचा प्रयत्न करू नये. ‘ओळख नाही’ हा रकाना ठेवावा आणि त्यांना जातींच्या हिशेबातून वगळावं, घनतेत धरावं.

चौकटीगणिक तीन स्वस्त मापंही घ्यावीत. चिखलाचा उभा काप घेऊन वरचा तपकिरी थर किती मिलिमीटर जाडीचा आहे ते पट्टीने मोजायचं. खाली कुजक्या अंड्याच्या वासाचा काळा थर लागतो, आणि सेंद्रिय भार वाढला की तो वर सरकतो. बिळातल्या पाण्याची क्षारता हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने. मऊपणासाठी ठरावीक वजनाची लोखंडी सळई ठरावीक उंचीवरून सोडून ती किती आत जाते ते पाहावं. तीन मापांची ही जोड असली, तर बिळांचं गुणोत्तर मातीमुळे बदललं हे नुसतं तर्काने म्हणावं लागत नाही.

अहवालात काय लिहायचं

निष्कर्षाचं वाक्य असं असावं: ‘हिवाळ्यात, उधाणानंतरच्या तृतीया-चतुर्थीला, समान उंचीच्या पट्ट्यांत, ३ मिलिमीटरवरच्या बिळांची मोजणी आणि ४० सेंटीमीटर खोलीपर्यंतचं उत्खनन यांवरून, नाल्याच्या तोंडाशी फिडलर खेकड्यांची घनता चौरस मीटरला सुमारे ४१ आणि संदर्भ-जागेशी ४८ आढळली, हा फरक निश्चित मानता येत नाही. समूहरचना स्पष्टपणे वेगळी आहे. जागा प्रत्येकी एकच असल्याने फरकाचं कारण नाला आहे असं या अभ्यासातून म्हणता येत नाही.’ सोबत कच्चा तक्ता, दोन्ही गुणोत्तरं स्वतंत्र, मोजणाऱ्यांची अदलाबदल कधी झाली ते आणि प्रत्येक चौकटीची वेळ.

पुढच्या हिवाळ्यासाठी खर्च कुठे वाढवायचा हेही याच आकड्यांतून निघतं. संदर्भ-जागेशी गुणोत्तराची त्रुटी आठ टक्क्यांहून जास्त आहे, नाल्याशी तीनहून कमी. म्हणून संदर्भ-जागेशी खणण्याच्या चौकटी सहावरून दहावर न्याव्यात, नाल्याशी सहाच पुरेत. बिळं मोजण्याच्या चौकटी वाढवण्याची गरज नाही. उरलेला वेळ दुसऱ्या नाल्यावर आणि दुसऱ्या संदर्भ-जागेवर लावावा, दोन्हीकडे चार-चार रेषांनी का होईना.

पावसाळ्यात मात्र हीच मोजणी करून ती हिवाळ्याच्या आकड्यांना जोडू नये. खाडीतली क्षारता तेव्हा कोसळते, नाल्याचा गाळ रोज हलतो, बिळं ढासळण्याचा वेग दोन्ही जागी बदलतो. त्या ऋतूसाठी गुणोत्तर पुन्हा खणूनच काढावं लागेल.